वाचकांचे प्रश्न : थंडीत उललेली त्वचा

प्रश्न : आंघोळीआधी रोज खोबरेल चोळते, पाणी बंबाचं कडक घेते. तरी दुपारपर्यंत पिंढऱ्यांवर पांढऱ्या रेघा उठतात, रात्री खाज सुटते. तेल लागू का पडत नाही? – एक वाचक, शिरपूर

उत्तर : तेल बरोबर आहे, वेळ चुकते आहे. तेलात पाणी नसतं. त्वचेत असलेलं पाणी अडवून धरणं एवढंच त्याचं काम. आंघोळीआधी लावलेलं तेल साबण आणि कढत पाणी मिळून बरंचसं धुऊन नेतात, वर त्वचेची स्वतःची स्निग्धताही काढतात. त्यात आपली खानदेशची हवा. पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा खालीही, दुपारी तिशीजवळ. पहाटेच्या गार हवेत बाष्प मुळातच कमी असतं, तीच हवा दुपारी तापली की आणखी कोरडी पडते आणि अंगातला ओलावा खेचते.

पाणी असं घ्या की कोपर बुडवल्यावर चटका बसायला नको. आंघोळ दहा मिनिटांत आटपा. साबण काखा, जांघा आणि तळपायांपुरताच. टॉवेल चोळू नका, टिपा. मग अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत तेल लावा. गुडघ्याखाली एका पायाला अर्धा चमचा पुरतं. या दिवसांत खोबरेल थिजतं, तेव्हा बाटली आंघोळीच्या वेळी गरम पाण्याच्या तांब्यात उभी करा. झोपताना पिंढऱ्यांवर ओला हात फिरवून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. बेसन आणि उटणं थंडी सरेपर्यंत बंद.

एक मात्र नीट पाहा. बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, घरात आणखी कुणाला रात्री खाज येत असेल, तर ती खरूज असू शकते. गोल चट्टा आणि उठावदार कड असेल तर गजकर्ण. दोन्हीला तेल उपयोगाचं नाही, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : रात्री गव्हाला पाणी भरायला जातो. टाचांना भेगा पडून रक्त येतं. – एक शेतकरी, चोपडा

उत्तर : चिखलात भिजून पुन्हा सुकणारी त्वचा लवकर उलते. टाचेच्या कडेची कातडी जाड आणि ताठ झालेली असते. अंगाचा भार पडला की टाच बाजूला पसरते, ताठ कातडीला तेवढा ताण सोसत नाही आणि ती फाटते. मागून उघड्या चपलेत टाच जास्त पसरते. म्हणून पाणी भरताना गमबूट, एरवी टाच झाकणारं पादत्राण.

रक्त येतंय तोवर वजरी लावू नका. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून भेगेत पेट्रोलियम जेली भरा आणि सुती मोजे घालून झोपा. भेग मिटली की रोज रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, वजरी हलक्या हाताने फिरवा, मग २० ते २५ टक्के युरिया असलेलं मलम टाचेला लावा. हे मलम औषधाच्या दुकानात मिळतं, शेतातला युरिया नव्हे! उघड्या भेगेवर ते झोंबतं, म्हणून हा क्रम पाळा. ब्लेडने कातडी कधीच कापू नका. मधुमेह असेल तर वजरी आणि गरम पाणी दोन्ही टाळा; पायाला संवेदना कमी असली की जखम कळतच नाही. लाली, सूज, पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : ग्लिसरीनने हात उलट कोरडे वाटतात. – साक्री

उत्तर : ते निव्वळ लावत असाल. ग्लिसरीन पाणी ओढतं. हवेत नसलं तर त्वचेच्या आतून ओढतं. एक चमचा ग्लिसरीनला दोन चमचे पाणी किंवा गुलाबपाणी घ्या, ओल्या हातांना लावा, वर दोन थेंब तेल. लिंबू घालू नका, उललेल्या जागी आग होते.

प्रश्न : भरपूर पाणी प्यायलो तर ओठ फुटणं थांबेल का? – यावल

उत्तर : तहान मारू नका, पण पाण्याच्या तांब्यांनी ओठ भरून येत नाहीत. ओठांना तेलग्रंथी जवळपास नसतातच. जीभ फिरवणं थांबवा. थुंकी वाळताना ओलावा घेऊन जाते. साजूक तूप किंवा जेली जेवणानंतर आणि झोपताना लावा, सालपट ओढू नका.