भंगारातलं युनियन स्पेशल आणि फिटरचा ट्रेड

उल्हासनगर कॅम्प ५ मधून एका विद्यार्थ्याचं पत्र आलं आहे. वय १९, आयटीआयला फिटर ट्रेडचं दुसरं वर्ष, वडिलांचं जीन्सच्या जॉबवर्कचं छोटं युनिट. जुन्या अमेरिकन युनियन स्पेशल मशीनवर जीन्सची मोहरी, म्हणजे पायाची खालची दुमड, शिवतानाचे व्हिडिओ पाहून त्याला या मशिनांचं वेड लागलं आहे. एका भंगारवाल्याकडे त्याच कंपनीचं, पट्टीवर ४३२०० जी कोरलेलं डोकं (टेबलाशिवायचं नुसतं मशीन) साठ हजारांना मिळतंय. वडील म्हणतात, “लोखंडाला साठ हजार? आधी आयटीआय पूर्ण कर.” त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत: मशीन घ्यावं का, ते चालू कसं करावं, आणि या कामावर आयुष्य काढता येईल का.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकी दोन्ही उत्तरं त्यावर ठरतात. नुसती जुनी चेनस्टिच, म्हणजे साखळीसारख्या टाक्याची, मशिनं दुरुस्त करून आणि त्यांवर मोहऱ्या शिवून आपल्याकडे आज घर चालणं कठीण आहे. चेनस्टिच मशीन बसवता येणाऱ्या मेकॅनिकचं घर मात्र चालतं, आणि तुझ्या भागात तर नक्कीच. वडिलांच्याच लाइनवर बघ. कंबरपट्टा कंसाईवर (अनेक सुयांच्या मशीनवर) लागतो, पायाची शिवण फीड ऑफ द आर्मवर (नळीसारख्या हातावर कापड सरकवत शिवणाऱ्या मशीनवर) पडते. दोन्हीकडे दुहेरी दोऱ्याची चेन. लॉकस्टिच, म्हणजे बॉबिनवालं नेहमीचं मशीन, दुरुस्त करणारे पायलीचे पन्नास मिळतात; लूपर (सुईचा दोरा खालून पकडून साखळी गुंफणारा भाग) अडला की मात्र मालक फोन लावत बसतो आणि कारागीर बसून राहतात. तुझी जागा तिथे आहे. जुन्या मशीनकडे शिकायचं साधन म्हणून बघ. त्यातून पुढे नाव झालं तर ती कमाई वरकड.

आता त्या डोक्याबद्दल. युनियन स्पेशल ही १८८१ मध्ये शिकागोत सुरू झालेली कंपनी. ४३२०० जी हे जीन्सची मोहरी दुमडून शिवायचं मशीन, आणि त्याचं उत्पादन १९८९ मध्ये थांबलं. जपानमध्ये, विशेषतः ओकायामा प्रांतातल्या कोजिमाच्या डेनिम कारखान्यांत, जुन्या धाटणीच्या जीन्ससाठी ही मशिनं जपून वापरली जातात, म्हणून परदेशात त्यांची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. लोकांना हवी असते ती मोहरीवर धुतल्यानंतर उमटणारी तिरकी, दोरखंडासारखी पिळवट. तिची कारणं साधी आहेत. फोल्डर कापड गुंडाळतो, खालचा थर दाते पुढे ओढतात, वरचा थर कापड दाबणाऱ्या फुटाखाली किंचित मागे राहतो आणि गुंडाळी तिरकी बसते. धुतल्यावर डेनिम आटलं की उंचवटे वर येतात आणि तेवढेच घासून पांढरे पडतात. नव्या दुहेरी चेनच्या मशीनला चांगला फोल्डर लावला तरी हा परिणाम बऱ्यापैकी मिळतो. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे देतो ते बरेचसे नावाचे.

साठ हजार द्यावेत की नाहीत हे डोकं हातात घेतल्यावरच ठरेल. पट्टीवरचा पूर्ण नंबर उतरवून घे. पुढेमागे एखादं अक्षर बदललं तरी मशीनचं काम आणि सुटे भाग बदलू शकतात. मग फोल्डर आहे का बघ. तो नसेल तर हे मोहरीचं मशीनच राहत नाही, आणि सुटा फोल्डर शोधताना डोक्याइतका खर्च होऊ शकतो. फूट, दाते, सुईची प्लेट आणि लूपर हा एकमेकांसाठी बनलेला संच असतो. प्लेट दुसऱ्या मशीनची असेल तर सुई भोकाच्या कडेला घासते. लूपरच्या टोकावर नख फिरव. दोऱ्याने पडलेली चर लागली किंवा टोक बोथट असेल तर भावातून तेवढं कमी कर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या मशीनची सुईची सिस्टिम, म्हणजे ठरावीक लांबी-दांड्याच्या सुईचा प्रकार, बाजारात मिळते का, हे पैसे देण्याआधी सुईच्या दुकानात विचारून ये. जवळच्या नंबरची सुई बसवून वेळ मारून नेतात, पण मग नेढ्याची उंची बदलते आणि पुढचं सगळं सेटिंग फसतं. संच पूर्ण असेल, चाक हाताने थोडं तरी हलत असेल आणि पैसे कर्जाचे नसतील, तर घे. यातली एक जरी गोष्ट नसेल तर वडिलांचं ऐक.

आणलंस तरी पहिले दोन महिने त्याला हात लावू नकोस. त्याऐवजी गोणी शिवायचं हातातलं जुनं मशीन मिळव. एक सुई, एक लूपर, एक दोरा. आयएसओच्या भाषेत टाका १०१. धान्याच्या गोणीचा दोरा बरोबर टोकाने ओढला की सर्रकन उसवतो, तो हाच टाका. ते पूर्ण खोलून पुन्हा शिवतं केलंस की दुहेरी दोऱ्याच्या ४०१ टाक्याकडे ये. लॉकस्टिच म्हणजे ३०१.

जाम झालेलं डोकं बहुतेक वेळा गंजाने जाम नसतं. वर्षानुवर्षं पडून असलेल्या तेलाचा राळेसारखा थर बसलेला असतो. म्हणून चाकावर हातोडी मारू नकोस. प्रत्येक तेलाच्या भोकात पेनिट्रेटिंग ऑइल किंवा रॉकेल सोड, रात्रभर राहू दे, हेअर ड्रायरने शाफ्टच्या बुशांजवळ ऊब दे (रॉकेल पूर्ण पुसून घेतल्यावर, उघड्या खिडकीजवळ) आणि चाक मागेपुढे चिमूटभर हलवत राहा. दोन-तीन दिवस लागले तरी लागू देत. सुटायला लागल्यावर जुना चिकटा धुऊन काढ, तेलाच्या वाती कडक झाल्या असतील तर बदल, मगच साधं पांढरं शिलाई मशीनचं तेल घाल, व्हीजी २२ (तेलाच्या दाटपणाचा नंबर) च्या आसपासचं. इंजिन ऑइल आणि खोबरेल तेल लांब ठेव. लूपर, प्लेट आणि दाते यांना पॉलिश पेपर लावायचा मोह आवर. लूपरची चकाकी बारीक पॉलिशिंग पेस्टने आण, टोकाचा आकार जराही बदलता कामा नये. रंगकाम सगळ्यात शेवटी. पावडर कोटिंगवाल्याकडे डोकं नेलं आणि तेलाची भोकं बुजली, असं हमखास होतं.

फिटरच्या शिक्षणाचा पहिला उपयोग इथे होतो. अमेरिकन मशीनचे स्क्रू इंचाच्या मापाचे, त्यातही बरेच कंपनीच्या स्वतःच्या आट्यांचे असतात. वर्कशॉपमधला मेट्रिक स्क्रू दोन फेरे घेईल आणि तिसऱ्याला आटे खाईल. थ्रेड गेज लावल्याशिवाय एकही स्क्रू बदलू नकोस. काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेच्या नावाच्या पुडीत ठेव. मूळ मोटर सोबत आली तरी ती अमेरिकेतल्या विजेची असण्याची शक्यता धर. ५५० वॅटची सर्वो मोटर आणि बेल्टचं कव्हर लाव, वेग मिनिटाला ५०० टाक्यांवर बांध.

चाक फिरवायची दिशा लॉकस्टिचच्या सवयीवर सोडू नकोस. फूट वर करून चाक हाताने फिरव; दाते प्लेटच्या वर असताना कापड तुझ्यापासून लांब नेत असतील ती दिशा खरी.

आता लूपरचं सेटिंग, म्हणजे या कामाचा गाभा. नवी, सरळ सुई पूर्ण वर ढकलून घट्ट कर. पहिलं माप लूपर गेजचं: लूपर सुईपासून सर्वांत लांब गेला असताना त्याच्या टोकापासून सुईच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे मशीनच्या प्रत्येक क्लासचं (मॉडेलच्या गटाचं) वेगळं असतं, मॅन्युअलमधून घे. दुसरं सिंक्रोनायझेशन, म्हणजे सुई आणि लूपर यांच्या चालीचा मेळ. चाक चालीच्या दिशेने फिरव, लूपरचं टोक सुईच्या कडेशी आलं की थांब आणि नेढं किती उंचीवर आहे ते नोंद. मग चाक उलटं फिरव, टोक पुन्हा त्याच कडेशी आण आणि उंची बघ. दोन्ही उंची सारख्या हव्यात. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये फरकाची सूट ०.००५ इंच, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटर. फरक जास्त असेल तर लूपर चालवणारा ड्राइव्ह शाफ्टवर फिरवावा लागतो. इथे घाई करणारे लूपर वाकवतात. लूपर वाकवू नये.

तिसरी गोष्ट सुईची उंची: टोक सुईपाशी आलं तेव्हा नेढं लूपरच्या किंचित खाली गेलेलं हवं, म्हणजे सुईमागे दोऱ्याचा फुगा तयार होऊन लूपरला पकडता येतो. चौथी, सुई आणि लूपर यांच्यातली फट: कागद सरकेल एवढीच, घासण नको. नीडल गार्डने सुईला नुसता आधार द्यायचा, ढकलायचं नाही. आणि दाते वर आल्यावर एक पूर्ण दात प्लेटच्या वर दिसावा.

तरी टाके सुटतील. डेनिमच्या पट्टीवर शिव आणि पालथी बाजू बघ. लूपरचा दोरा सरळ रेघेसारखा पडलाय आणि वरचा दोरा त्यात अडकलेलाच नाही? लूपरला सुईचा फुगा मिळत नाही. सुईची उंची आणि फट तपास. दुसऱ्या प्रकारात लूपर फुगा उचलतो, पण पुढच्या वेळी सुई खाली येताना लूपर, त्याचा दोरा आणि सुईचा दोरा यांच्या त्रिकोणात शिरायची ती बाहेरून जाते. तेव्हा दोष बहुधा लूपरच्या दोऱ्यात असतो: फार सैल, फार ताठ, किंवा थ्रेड टेक-अप (दोरा ओढणारा-सोडणारा भाग) चुकीच्या वेळी दोरा सोडतोय. त्रिकोण डोळ्यांनी दिसतो, त्यासाठी चाक हाताने एकेक अंश फिरव आणि खालून टॉर्च मार. सुईचं टेन्शन बऱ्यापैकी कडक, लूपरचं अगदी हलकं; लॉकस्टिचवर हात बसलेल्याला हे पटायला वेळ लागतो. शिवणीच्या जाड जोडावर तेवढ्यापुरते टाके सुटत असतील तर सुई वाकतेय, एक नंबर जाड घाल. डेनिमला ११० किंवा १२० नंबरची सुई, टेक्स (दोऱ्याच्या जाडीचं माप) ६० ते १०५ चा दोरा, इंचाला ७ ते ८ टाके ही सुरुवात ठीक.

दर ठरवताना दोरा विसरू नकोस. ४०१ टाक्याला शिवणीच्या साडेपाच पट दोरा लागतो, ३०१ ला अडीच पट. १६ इंच घेराची मोहरी असेल तर दोन पायांना मिळून साडेचार मीटर गेला, वाया जाणारा वेगळा. दोन-तीन टाके एकमेकांवर घेऊन शेवट बंद कर, नाहीतर गिऱ्हाईक महिन्याभरात उसवलेली मोहरी घेऊन परत येईल.

शेजारची एक वाट माहीत असू दे: टेबलाखाली दांडा फिरवून टाक्याची दिशा बदलणारी चेनस्टिच भरतकामाची मशिनं. बोनाझ नावाच्या फ्रेंच माणसाच्या १८६५ च्या पेटंटपासून आलेली कॉर्नेली, सिंगरचं ११४ डब्ल्यू १०३ ही त्यातली. आकड्याच्या टोकाची सुई, एकच दोरा. जॅकेटवर नावं काढायला यांना मागणी आहे, पण तिथे मशीनपेक्षा हात महत्त्वाचा. चित्रकलेची आवड असेल तरच त्याकडे वळ.

आयटीआय अर्धवट सोडू नकोस. वर्नियर, आटे, फाइलिंग, हार्डनिंग हे या धंद्याचं व्याकरण आहे, आणि उद्या लूपर बाजारात मिळाला नाही तर तो घडवायला हेच लागेल. निकाल लागला की अप्रेंटिसशिप पोर्टलवर गारमेंट कारखान्याचा मेंटेनन्स विभाग शोध. शिलाई विभागात ऑपरेटर म्हणून घेत असतील तर नको म्हण. मेंटेनन्समध्ये ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक, कंसाई, फीड ऑफ द आर्म अशी सगळी मशिनं रोज बिघडलेली बघायला मिळतात. दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ते दार उघडं ठेव. जुन्या मशीनच्या दुरुस्तीचं वेगळं प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नकोस. मालक तुझा कागद बघत नाही, त्याचं बंद मशीन किती वेळात चालू झालं ते बघतो. कंपन्यांची जुनी मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग इंटरनेटवर फुकट मिळतात, इंग्रजीत आहेत, पण आकृत्या फिटरच्या ड्रॉइंगसारख्याच. रोज एक पान वाच.

वडिलांशी साठ हजारांचा वाद आत्ता घालू नकोस. त्यांच्या युनिटमधल्या फीड ऑफ द आर्मच्या सर्व्हिसिंगचं काम माग. रविवारी लाइन बंद असताना, त्यांच्या मेकॅनिकच्या हाताखाली. वर्षभरात त्या मेकॅनिकला बोलवायच्या खेपा कमी झाल्या, की वाचलेल्या पैशांचा हिशोब त्यांच्यापुढे ठेव आणि मग भंगारवाल्याकडे दोघं मिळून जा.