वाचकांचे प्रश्न : समुद्राकाठी की बाजाराजवळ?

प्रश्न : यजमानांची बदली वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालयात झाल्यामुळे आम्ही मे महिन्यात नाशिकहून मुंबईला येत आहोत. सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई (त्यांना गुडघेदुखी आहे) आणि चौथीत जाणारी मुलगी असेल. दादर पश्चिमेला दोन जागा भाड्याने मिळत आहेत. एक वीर सावरकर मार्गाच्या समुद्राकडील बाजूस सहाव्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या इमारतीत आहे. दुसरी रानडे रस्त्यामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे, पण इमारत जुनी आणि विनालिफ्टची आहे. भाड्यात फारसा फरक नाही. मुलीला समुद्र दिसणारे घर हवे आहे. आम्ही काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आमचा कौल गल्लीतील जागेला आहे, मात्र इमारतीची नीट चौकशी करूनच तो स्वीकारावा. भाजी, फुले, किराणा, औषधे, शिंपी आणि चष्मेवाला ही सारी कामे हातात पिशवी घेऊन, रिकाम्या वेळात आणि वाहनाशिवाय उरकता येणे हेच दादरमध्ये राहण्याचे खरे सुख असून इथले चढे भाडे आपण मुख्यतः त्याचेच मोजत असतो. समुद्राचे म्हणाल, तर तिथून चौपाटीही पायी गाठता येते. यजमानांचा प्रश्न तर सुटल्यातच जमा आहे, कारण मेट्रो तीनने दादर आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामध्ये शीतलादेवी आणि धारावी ही दोनच स्थानके लागतात.

सासूबाईंसाठी एक मजला चढणे आम्हांला फारसे अवघड वाटत नाही, पण जिना स्वतः चढून पाहावा. जुन्या इमारतींत पायऱ्या कधी फार उंच, तर कधी मधोमध झिजलेल्या असतात आणि लाकडी कठडा हलत असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा उतरताना आधाराची गरज अधिक असते, म्हणून उतरताना कठडा कोणत्या हाताला येतो हेही पाहावे. जिना ठीक असेल, तर शिवाजी पार्क हे त्यांचे दुसरे घर ठरेल असे खुशाल समजा. १९२५ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या, सुमारे २८ एकरांच्या या मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ समवयस्कांच्या बैठका भरतात आणि नव्या माणसाला तिथे सामावून घ्यायला वेळ लागत नाही. मुलीसाठी मैदानातील समर्थ व्यायाम मंदिर आणि जवळचा महापालिकेचा जलतरण तलाव आहे. तलावाच्या सभासदत्वाची चौकशी मात्र आधीच करावी. परिसरात नावाजलेल्या मराठी शाळाही आहेत, पण चौथीच्या वर्गात जागा रिकामी असेल तरच प्रवेश मिळतो, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला हाती येण्याची वाट न पाहता एप्रिलमध्येच शाळांत जाऊन विचारावे.

आता इमारतीविषयी, कारण खरी मेख तिथे आहे. दादरमधील अनेक जुन्या इमारती पागडीच्या, म्हणजे घरमालकाला एकदाच मोठी रक्कम देऊन पुढे नाममात्र भाड्याने राहण्याच्या पद्धतीच्या आहेत. आपल्याला जागा देऊ करणारा गृहस्थ स्वतःच पागडीचा भाडेकरू असेल, तर घरमालकाच्या संमतीवाचून त्याला पोटभाडेकरू ठेवता येत नाही आणि वाद उद्भवल्यास घराबाहेर पडण्याची पाळी आपल्यावर येते. म्हणून जागा कोणाच्या नावावर आहे याचा कागद प्रथम मागावा. करारनामा लेखी आणि नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, हे दलाल सहसा आपणहून सांगत नाहीत. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा तिचा अहवाल पाहायला मागण्यात संकोच कसला? इमारत पुनर्विकासाला निघाली आहे काय, हेही शेजाऱ्यांना विचारावे, नाहीतर वर्षभरात पुन्हा सामान बांधावे लागेल.

पाण्याची चौकशी त्याच फेरीत करावी. नळाला महापालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते. पुढे तळटाकी, पंप आणि गच्चीवरील टाकी यांच्यावर सारा कारभार चालतो. पंप किती वाजता सुरू होतो, हे पहारेकऱ्याकडून अचूक कळते. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला, की शहराच्या सखल भागांतील पाण्याचा समुद्राकडे निचरा होत नाही. दादर पूर्वेचा हिंदमाता परिसर त्यासाठी प्रसिद्धच आहे. आपल्या गल्लीत पाणी कुठवर चढते, ते तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा. त्याने माल किती उंचीवर रचला आहे, यावरूनही अंदाज येईल.

समुद्राकडील घराविषयी एवढेच, की तिथली खारी हवा लोखंडाला आणि यंत्रांना फार काळ सुखाने राहू देत नाही. शिवाय गणेश विसर्जनाला आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जनसागर लोटतो तेव्हा चौपाटीलगतचे रस्ते वाहनांना बंद असतात. ते दिवस आपल्या शहराचेच आहेत आणि त्याबद्दल तक्रार नसावी, पण सासूबाईंना अचानक रुग्णालयात न्यावे लागले तर कोणत्या बाजूने बाहेर पडायचे, हे तिथे राहणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले बरे.

प्रश्न : आमचे घर माहीमला समुद्रासमोर, सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. खिडक्यांचे गज सारखे गंजतात, एसीचे बाहेरचे यंत्र लवकर निकामी होते आणि आता छताच्या गिलाव्याचे पोपडे पडत आहेत. संस्थेचे पदाधिकारी म्हणतात, की घराच्या आतली दुरुस्ती तुमची तुम्ही करा. हे बरोबर आहे काय? – एक वाचक, माहीम

उत्तर : गज आणि एसी यांचा खर्च आपलाच आहे. गजांवर नुसता रंग चढवू नये. गंज पूर्ण खरवडून, अस्तर लावून मग रंग द्यावा. बदलायचेच झाल्यास स्टेनलेस स्टील ३१६ प्रतीचे घ्यावे, कारण नेहमीचे ३०४ खाऱ्या वाऱ्यात डागाळते. एसीच्या बाहेरच्या यंत्रावरील क्षार अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन काढले आणि खरेदीच्या वेळीच गंजरोधक लेप असलेली जाळी मागितली, तर यंत्र अधिक टिकते.

छताची गोष्ट वेगळी आहे. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्यामुळे वरच्या मजल्यावरील छताचे आणि त्याच्या गिलाव्याचे नुकसान झाले असेल, तर आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण संस्थांच्या कारभारासाठीचे नमुना नियम) ती दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करावयाची असते. वरवर सिमेंट थापून घेण्यास मात्र नकार द्या. आतली सळई गंजली की ती फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते, त्यामुळे सळई उघडी करून साफ केल्याशिवाय केलेली डागडुजी टिकत नाही. छायाचित्रे जोडून संस्थेकडे लेखी अर्ज करा, त्याची सही-शिक्क्यानिशी पोच घ्या आणि काम पावसाळ्यापूर्वी व्हावे असे अर्जातच नमूद करा. दाद न मिळाल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जाता येते.