बोनेटवरची धूळ, जुनं बनियान आणि स्प्रेची बाटली

मागच्या अंकात रबिंग पॉलिशबद्दल लिहिताना "गाडी जेवढी कमी पुसाल तेवढी जास्त टिकेल" असं एक वाक्य मी सहज टाकून दिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की हा आख्खा कॉलम त्यालाच दिलाय. निम्मी पत्रं घोडबंदर रोडची आणि उरलेली नवी मुंबईची. नवल नाही म्हणा, आपल्याकडे बाकी कशाची टंचाई असेल, धुळीची नाही.

प्रश्न : दादा, आम्ही कासारवडवलीला राहतो. काळी गाडी घेतली, तीन महिने झाले. सोसायटीत पाइपने गाडी धुवायला बंदी आहे म्हणून ५०० मिलीचा स्प्रे डिटेलर (न धुता धूळ पुसायला गाडीवर मारायचा स्प्रे) आणला, रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मारतो आणि मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसतो. तरी बोनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतायत. स्प्रे डुप्लिकेट मिळाला का?

स्प्रे बहुतेक अस्सलच असेल हो, गडबड तुमच्या "रोज" या शब्दात आहे.

आधी हे बघा की तुम्ही पुसताय काय. मेट्रोचं काम, रस्त्याचं काम, शेजारी उभा राहणारा टॉवर, या सगळ्यातनं जे उडून बोनेटवर बसतं ती काही टाल्कम पावडर नाही, त्यात सिमेंट आणि दगडाची बारीक भुकटी असते आणि वाळूचे कणही असतात. वाळूतला क्वार्ट्झ कडकपणाच्या मोह्ज स्केलवर ७ ला बसतो, साधी काच त्याच्याखाली साडेपाचच्या आसपास, आणि तुमच्या गाडीचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअरकोट, तो तर काचेपेक्षाही खूप मऊ. जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या झेरॉक्सचा कागद १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे कागदाच्या निम्म्या जाडीचा थर आणि त्यावर आपण रोज सकाळी वाळू फिरवतोय.

डिटेलरचं काम एवढंच असतं की त्यातलं साबणासारखं द्रव्य धुळीच्या कणाला भिजवतं, आणि पॉलिमर किंवा सिलिकॉन पृष्ठभाग बुळबुळीत करतो, त्यामुळे कण घासत न जाता फडक्याच्या दोऱ्यांमध्ये उचलला जातो. पण याला मर्यादा आहे. हलकी धूळ, बोटांचे ठसे, धुतल्यावर राहिलेले पाण्याचे ताजे थेंब, इथपर्यंत तो उत्तम. जाड थर असेल किंवा पावसाळ्यात दाराच्या खालच्या भागावर चिखल उडालेला असेल तर अख्खी बाटली ओतलीत तरी चरे येणारच, तिथे आधी पाणी पाहिजे.

मग हलकी धूळ कुठली आणि जाड कुठली हे ओळखायचं कसं? मी एक करतो. बोनेटवर बोट लावायचं नाही, बाजूच्या काचेवरनं बोटाच्या टोकाने थोडी धूळ उचलायची आणि अंगठ्यावर चोळायची. पिठासारखी लागली तर स्प्रे चालेल. करकर लागली, एक जरी दाणा टोचला, तर त्या दिवशी गाडी तशीच ऑफिसला न्यायची. मळकी गाडी बघून कोणी तुमचा पगार कापत नाही.

आता पुसायची पद्धत. गाडी सावलीत पाहिजे आणि बोनेटला हात लावल्यावर गार लागलं पाहिजे, गरम पत्र्यावर स्प्रे पुसायच्या आधीच सुकतो आणि पट्टे राहतात. ३५० ते ४०० जीएसएमचं (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) मायक्रोफायबर घ्या, घडी चार पदरी घाला, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. बोनेटचे मनातल्या मनात चार भाग करा, एकेका भागावर चार-पाच फवारे मारा आणि अर्धा मिनिट थांबा, हे थांबणं सगळे विसरतात, धुळीला भिजायला वेळ तर द्या. मग फडकं नुसतं ठेवायचं आणि स्वतःच्या वजनाने सरळ रेषेत ओढत न्यायचं, दाबायचं नाही, मागे-पुढे करायचं नाही. एक ओढ झाली की बाजू बदला. आठ बाजू संपल्या की ते फडकं बादलीत, दुसरं घ्या. शेवटी कोरड्या फडक्याने हलका हात. एका हॅचबॅकला माझी पाच-सहा फडकी लागतात, आणि तुम्ही एकाच फडक्याने तीन महिने काढले असावेत असा माझा अंदाज आहे, चुकला असेन तर माफ करा.

आणि एक, फडकं जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं ते गाडीसाठी मेलं. झटकून परत वापरायचं नाही. पार्किंगच्या लादीवरची वाळू दोऱ्यांत अडकते ती झटकून निघत नाही.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय पण शिकलो मूर्खपणातनं. माझी पहिली काळी गाडी मी दोन वर्षं रोज जुन्या बनियानाने कोरडी पुसत होतो, वर अभिमान असा की बघा आमची गाडी कशी लखलखते. एका रात्री पेट्रोल पंपावर पांढऱ्या एलईडीखाली उभा होतो, रांग मोठी होती म्हणून उतरलो, तर दिव्याचं प्रतिबिंब जिथे पडलं होतं तिथे भोवती गोल गोल जाळं. मला वाटलं मी गोल हात फिरवतो म्हणून गोल चरे पडले. तसं नसतं. चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण दिव्याच्या किरणांना जे आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून जाळं गोल दिसतं. दिवा सरकवा, जाळं त्याच्याबरोबर सरकतं. मोबाइलचा टॉर्च घेऊन आज रात्री स्वतः बघा, पण जेवण झाल्यावर बघा, आधी बघितलंत तर जेवण जाणार नाही.

तुमच्या बोनेटवर नख हलकेच फिरवून बघा. नख अडकत नसेल तर हे चरे पॉलिशने जातील, पण घाई करू नका, दर पॉलिशला क्लिअरकोट थोडा थोडा कमी होतो. आधी पुसायची सवय बदला, मग पॉलिश करा, नाहीतर तीन महिन्यांनी परत हेच पत्र लिहाल.

प्रश्न : नेरुळला आमच्या बिल्डिंगमध्ये गाडी पुसायला एक माणूस येतो, पहाटे साडेपाचला एक बालदी आणि एक पिवळं फडकं घेऊन पस्तीस-चाळीस गाड्या करतो. स्वभावाने चांगला आहे, काढून टाकवत नाही. पण पेंटचं काय?

काढू नका हो त्याला. चाळीसाव्या गाडीला त्याच्या बालदीत पहिल्या एकोणचाळीस गाड्यांची वाळू असते, हा दोष त्याचा नाही, महिन्याला जेवढे पैसे आपण देतो तेवढ्यात दुसरं होणार तरी काय. आमच्याकडे मी असं ठरवलंय की दादा, तुम्ही रोज फक्त काचा, आरसे आणि टायर करा, पत्र्याला हातच लावू नका, पैसे तेवढेच. आधी त्याला वाटलं मी रागावलोय. मग त्याला कळलं की काम निम्मं आणि पैसे पूर्ण, आता तो दुसऱ्यांनाही हाच सल्ला देतो.

पत्रा मी रविवारी करतो. दोन बादल्या, एकीत शॅम्पू, एकीत साधं पाणी, मिट (गाडी धुवायचा हातमोजा) शॅम्पूत बुडवायचा, एक भाग करायचा, साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच परत शॅम्पूत. पाइप लागत नाही. आधी गाडी ओली करायला बागेचा पाच लिटरचा पंपाचा फवारा चालतो, आमच्या कमिटीनेही त्याला हरकत घेतली नाही.

प्रश्न : बाटल्या महाग पडतात. घरच्या घरी शॅम्पू, पाणी आणि चार थेंब खोबरेल तेल स्प्रेच्या बाटलीत भरलं तर? – ऐरोली

खोबरेल तेल डोक्याला लावा. गाडीवर ते चमकेल अर्धा तास, मग सगळ्या ऐरोलीची धूळ त्याला चिकटेल. केसांच्या शॅम्पूत मीठ आणि घट्ट करणारे पदार्थ असतात, न धुता पुसलं की थर राहतो. भांड्याच्या लिक्विडचं तर नावच नको, असलेलं वॅक्स तेच उतरवतं.

स्वस्तात करायचं असेल तर रिन्सलेस वॉशचं कॉन्सन्ट्रेट घ्या. उदाहरण द्यायचं तर ऑप्टिमम नो रिन्स, त्याचं प्रमाण १:२५६ आहे, म्हणजे साधारण चार लिटर पाण्यात १५ मिली, दोन-तीन झाकणं. यात मिट किंवा फडकी भिजवून गाडी पुसायची आणि वरून पाण्याने धुवायची गरज नसते. तेच थोडं घट्ट करून स्प्रेच्या बाटलीत भरलं की डिटेलरचं काम भागतं. पाणी मात्र टँकरचं किंवा बोअरिंगचं नको, त्यातले क्षार पांढरे ठिपके सोडतात आणि काळ्या गाडीवर ते लांबनं दिसतात. प्यायच्या फिल्टरमधलं चार लिटर घेतलंत तर घरात भांडण होणार नाही एवढं बघा.

प्रश्न : सिरॅमिक कोटिंग केलंय, सेंटरवाल्याने सांगितलं ९एच कडकपणा आहे, आता कशानेही पुसा काही होत नाही. खरं का? – खारघर

अर्धं खरं आणि ते अर्धंच तुम्हाला विकलंय. ९एच हा पेन्सिलीचा स्केल आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरलेल्या दाबाने कोटिंगवर ओढून बघतात, ९एच ही त्यातली सगळ्यात कडक, तिनेही कोटिंगवर ओरखडा पडला नाही म्हणजे ९एच. हिऱ्यामाणकांचा जो मोह्ज स्केल, त्यातल्या ९ शी याचा संबंध नाही. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती, आणि तुमच्या गाडीवर बसते खारघरच्या टेकडीखालची दगडी धूळ, ती पेन्सिलीला विचारत बसत नाही.

कोटिंगचा फायदा आहे, पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते, त्यामुळे धुवायला हात कमी फिरवावा लागतो, आणि हात कमी फिरला म्हणजे चरे कमी. पण कोरडं फडकं त्यालाही चरे पाडतंच. धुवून झाल्यावर सिरॅमिकला चालणारा डिटेलर मारलात तर चांगलंच.

प्रश्न : पाम बीच रोडला झाडाखाली गाडी लावते. पक्ष्यांची घाण आणि वर चिकट चिकट थेंब. स्प्रेने निघतं का काका?

निघतं, पण ताई, घासायचं नाही. पक्ष्याच्या विष्ठेत युरिक अॅसिड असतं आणि उन्हात पत्रा तापला की एका दुपारीत क्लिअरकोटवर खड्ड्यासारखा डाग उमटतो, म्हणून हे रविवारपर्यंत ठेवायचं काम नाही. गाडीत डिटेलरची छोटी बाटली आणि टिश्यू ठेवा. टिश्यूवर भरपूर स्प्रे मारून तो डागावर पट्टीसारखा चिकटवा आणि पाच मिनिटं विसरून जा, चहा प्या. मग टिश्यू वरच्या वर उचलायचा, चिमटीत धरून, बाजूला ओढायचा नाही, कारण त्यात न पचलेल्या बिया आणि वाळू असते. दोन वेळा केलं की साफ.

ते चिकट थेंब झाडाचा चीक असेल असं सगळ्यांना वाटतं, पण पर्जन्यवृक्षाखाली गाडी असेल तर ते बहुतेक फांद्यांवरच्या पिठ्या ढेकणांचं काम असतं, ते झाडाचा रस पितात आणि जास्तीचा गोडवा खाली टाकतात. साखरच ती, कोमट पाण्याचं ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं की विरघळते. खरा चीक वाळून खडा झाला असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल फडक्यावर थोडंसं घेऊन टिपायचं, नंतर तिथे डिटेलर. ब्लेडने खरवडू नका, एकांनी तसं करून मग मला फोटो पाठवलाय, बोनेटचा कमी आणि चेहऱ्याचा जास्त.

प्रश्न : मायक्रोफायबर मशीनमध्ये घरच्या कपड्यांबरोबर चालतं? – पाचपाखाडी

नाही. टॉवेल आणि बनियानांचे धागे त्यात अडकतात. वेगळं धुवा, साध्या लिक्विडने, कोमट पाण्यात, कम्फर्टसारखं सॉफ्टनर बिलकुल नको, त्याने दोऱ्यांवर थर बसतो आणि फडकं पाणीही ओढत नाही आणि धूळही. वाळवताना ग्रिलवर घालू नका, रस्त्याकडची धूळ परत त्यातच. आणि टायरचं फडकं पत्र्याला कधीच नाही, माझ्याकडे टायरच्या फडक्यांचा कोपरा कात्रीने कापलेला असतो, म्हणजे घरातल्या कोणीही उचललं तरी कळतं.

प्रश्न : तोच डिटेलर पुढच्या काचेला मारला, पहिल्या पावसात वायपर लावला आणि समोरचं काहीच दिसेना. मुंब्रा बायपासला जीव मुठीत धरून गाडी बाजूला घेतली. काय चुकलं?

सिलिकॉन. पत्र्याला जे बुळबुळीत करतं तेच काचेवर वायपरने फासलं जातं. काच दोनदा ग्लास क्लीनरने साफ करा, वायपरची रबरं अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. तरी खरखर करत राहिली तर रबरं बदला, आणि पुढच्या वेळी बोनेटवर स्प्रे मारताना वायपरवर एक जुना टॉवेल टाका. मी तर काचेच्या बाजूचे फवारे फडक्यावरच मारतो, वारा खाडीकडून आला की अर्धा स्प्रे काचेवरच जातो.