कंपनीच्या निकालात सेल्स, रेव्हेन्यू, टोटल इन्कम यातला कुठला आकडा धरायचा?

तुम्ही विचारलंय की निकालात कुठे सेल्स, कुठे रेव्हेन्यू, कुठे टोटल इन्कम लिहिलेलं असतं, मग धंदा नेमका किती झाला ते कशावरून कळणार. मी बरीच वर्षं अकाउंट्सचं काम करतोय, माझं म्हणणं असं की आधी 'रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स' ही ओळ शोधा आणि वार्षिक अहवालात तिच्या शेजारी जो नोट नंबर असतो ना, ती नोट, म्हणजे त्या आकड्याचा मागे दिलेला तपशील, उघडून बघाच.

समजा साखर कारखाना असलेली लिस्टेड कंपनी आहे. तर नोटमध्ये साखर, इथेनॉल, महावितरणला दिलेली वीज ही झाली विक्री, म्हणजे सेल्स, तिच्याखाली भंगार वगैरे विकलेलं 'अदर ऑपरेटिंग रेव्हेन्यू'मध्ये, दोन्ही मिळून रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स. एफडीचं व्याज वेगळं, ते 'अदर इन्कम'. आणि सगळ्याची बेरीज टोटल इन्कम. माझ्या मामेभावाने एका कंपनीचं टोटल इन्कम वाढलेलं बघून शेअर घेतले, नंतर आम्ही नोट उघडली तर विक्री उलट घटलेली आणि अदर इन्कममध्ये जमीन विकल्याचा नफा. आता जमीन काय दरवर्षी विकणार आहेत का? फार वाईट वाटलं मला, कारण सगळं तिथे छापलेलं होतं.

टर्नओव्हर म्हणजे साधारण विक्रीच, पण बाजारात लोक तो टॅक्स धरून सांगतात. एक लाखाचा माल, १८ टक्के जीएसटी, बिल १,१८,००० चं, तरी रेव्हेन्यू एक लाखच, वरचे १८,००० सरकारचे. म्हणूनच जुन्या आकड्यांशी तुलना करताना २०१७-१८ जपून बघा, ३० जून २०१७ पर्यंत एक्साइज ड्युटी, म्हणजे माल बनवण्यावरचा कर, रेव्हेन्यूत धरलेली असायची आणि १ जुलैपासून आलेला जीएसटी धरत नाहीत, त्यामुळे माल तेवढाच जाऊनही विक्री पडल्यासारखी दिसते.

अजून एक, रेव्हेन्यू म्हणजे हातात आलेला पैसा नाही. माल गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेला की रेव्हेन्यू धरला जातो, उधारी असली तरी. ही उधारी बॅलन्स शीटमध्ये 'ट्रेड रिसिव्हेबल्स' म्हणून दिसते. विक्री १० टक्के वाढली आणि उधारी ४० टक्के, असं दिसलं की मी तरी पुढचं काही वाचायच्या आधी कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे प्रत्यक्ष पैसा किती आला-गेला त्याचा तक्ता, उघडतो.