विम्याच्या पैशातून हरसूलजवळ दोन एकर?

ताईंचं पत्र वाचकांसाठी थोडक्यात: वय 51, नाशिकच्या इंदिरानगरला स्वतःचा फ्लॅट, खासगी शाळेत 38,000 पगार, घरखर्च 45,000, मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. यजमान खासगी कंपनीत नोकरीत असतानाच सात महिन्यांपूर्वी गेले. विम्याचे 55 लाख आणि पीएफ-ग्रॅच्युइटीचे 41 लाख असे 96 लाख हातात आहेत. यजमानांना झाडापाखरांचं वेड. म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या बाजूला दोन एकर घ्यायचे, चार खोल्या बांधायच्या, मोजक्या गरजांत राहायचं आणि घरातलं माणूस गमावलेल्यांना चार दिवस शांत राहता येईल अशी जागा करायची. जमीन 42 लाख, बांधकाम 33 लाख. एजंट म्हणतो, याच आठवड्यात 5 लाख टोकन द्या.

ताई, टोकन देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या सातबाऱ्याच्या फोटोत ‘इतर अधिकार’ या रकान्यात बारीक अक्षरात 36-अ चा, म्हणजे जमीन महसूल कायद्यातल्या आदिवासींच्या जमिनीबद्दलच्या कलमाचा, उल्लेख आहे. जमीन आदिवासी खातेदाराची आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती तुमच्या नावावर होत नाही. ‘आत्ता नोटरी करू, नाव नंतर चढवू’ या बोलण्याला काडीचा आधार नाही. असा व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाते (जायलाच हवी, असं माझं मत), आणि पैशांसाठी तुम्ही एजंटाच्या मागे फिरत राहता.

आता समजा, जमीन चोख मिळाली. मग मला एवढंच सांगा: त्या जागेने तुम्हाला पोसायचं, की तुम्ही जागेला? पत्रात दोन्ही आहे. ‘दरमहा थोडं उत्पन्नही येईल’ असं एका ओळीत, आणि ‘दुःखातल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे’ असं पुढच्याच ओळीत.

उत्पन्नाचा हिशेब मी सढळ हाताने केला. आठवड्याला दोन रात्री, तीन खोल्या भरलेल्या, वर्षात 45 आठवडे, जेवणासह खोलीचे 3,000. वर्षाला 8 लाख 10 हजार. त्यातून किराणा-गॅस 2 लाख 43 हजार, राखणीला राहणाऱ्या जोडप्याचा पगार 2 लाख 40 हजार, वीज, धुणं, पावसाळ्यानंतरची डागडुजी वगैरे 1 लाख 80 हजार. उरले 1 लाख 47 हजार. हेच 75 लाख साडेसहा टक्क्यांनी एफडीत ठेवले, तर कर धरण्याआधी 4 लाख 87 हजार येतात. म्हणजे सगळ्या पाहुण्यांकडून पैसे घेऊनही वर्षाला 3 लाख 40 हजारांची खोट, आणि खोल्यांचं भाडं शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, त्यावरही करच. इगतपुरीचं विपश्यना केंद्र 1976 पासून फी न घेता शिबिरं चालवतं, पण ते दानावर चालतं, एका घराच्या विम्यावर नाही. शिवाय त्या पट्ट्यात जुलैत पाऊस थांबत नाही आणि मे महिन्यात अनेक पाड्यांवर टँकर येतो. तुम्ही जागा पाहिलीत डिसेंबरात!

स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही. त्याला एक आकडा ठरवून द्या. मुलीच्या पुढच्या शिक्षणाला 12 लाख, अडीअडचणीला 6, आणि 60 लाखांना हात लावायचा नाही. त्यांच्या व्याजावर आणि पगारावर घर चालेल, आणि वयाच्या 58 नंतर पगार थांबेल तेव्हा तोच मुख्य आधार. उरले 18 लाख. ते बुडाले तरी तुमची झोप उडणार नाही.

त्या 18 लाखांत जमीन विकत घेण्याची घाई कशाला? गिरणारे, गंगापूर धरणाच्या बाजूला एखादं तयार फार्महाऊस रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्सवर घ्या. सुट्ट्यांमध्ये तिथे राहा, दोन खोल्यांत माणसं बोलवा, दोन पावसाळे काढा. परक्या माणसाचं रडणं रोज ऐकणं आपल्याला झेपतं का, तेही तिथेच कळेल.

दुसरी वाट तुमच्याच पत्रात आहे, जाता जाता लिहिलेली: निफाड तालुक्यातली यजमानांच्या नावावरची सव्वा एकर. तिथून नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). हिवाळ्यात पक्षी बघायला माणसं येतातच. आधी वारस नोंद करून घ्या. मृत्युपत्र नसेल तर तुमच्या आणि मुलीच्या बरोबरीने सासूबाईंचाही तिसरा हिस्सा आहे, म्हणून त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण एक एकरापासून लागू होतं; फक्त अभयारण्याच्या आसपास बांधकामाला बंधनं असतात, ती तहसील आणि वन विभागात विचारून मगच आर्किटेक्ट गाठा.

आणि एक. यजमान नोकरीत असताना गेले, तरी पत्रात ईडीएलआयचा (पीएफ खात्यासोबत येणारा विमा) आणि ईपीएसच्या (पीएफसोबतची पेन्शन योजना) विधवा पेन्शनचा उल्लेख कुठेच नाही. हा विमा 7 लाखांपर्यंत मिळू शकतो, आणि पेन्शनसोबत मुलीलाही 25 वर्षांची होईपर्यंत वेगळी रक्कम मिळते. कंपनीच्या एचआरकडे या आठवड्यात जा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा.