रोज कडधान्ये खाल्ल्याने हृदयाला खरंच फायदा होतो का?

हो, होतो, आणि तो मोजलाही गेला आहे. 2014 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी 26 चाचण्या एकत्र तपासल्या. रोज साधारण 130 ग्रॅम शिजवलेली कडधान्ये, म्हणजे एक मोठी वाटी, खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे 5 टक्क्यांनी उतरलं होतं.

हे घडतं ते कडधान्यांतल्या पाण्यात विरघळणाऱ्या तंतूंमुळे, म्हणजे फायबरमुळे. आतड्यात ते पित्ताम्लांना, म्हणजे चरबी पचवायला यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं त्या आम्लांना, धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. शिवाय पोटॅशियम मिळतं, रक्तदाबाला तेही बरं.

मटकी, मूग, चवळी, कुळीथ, मसूर, काहीही चालेल. पण मोड आलेल्या मटकीची उसळ वेगळी आणि वर फरसाण, तर्री घातलेली मिसळ वेगळी! तेल-मीठ वाढलं की मिळवलेलं तिथेच जातं. मटणाऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा उसळ केली तर फायदा आणखी, कारण संपृक्त चरबीही कमी होते.

गॅस होत असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि अर्ध्या वाटीपासून सुरुवात करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका.