गोड-तिखट फ्रूट कॉकटेल पहिल्यांदा करताना

पहिल्यांदाच करतोयस, तर आधी मिरचीचं बघ. बाकी सगळं नंतर सावरता येतं, तिखट झालेलं मात्र नाही.

मिरचीचा तिखटपणा बियांपेक्षा त्या ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत जास्त असतो. ती शीर काढून टाक आणि फक्त दोन-तीन पातळ चकत्या घे. मिरची आधीच व्होडका किंवा टकीलात भिजत घालणार असशील, तर दर दहा मिनिटांनी थेंबभर चाखून बघ. अल्कोहोल तिखटपणा पटकन ओढून घेतं. मी एकदा बाटलीत मिरची टाकून झोपलो आणि सकाळी अख्खी बाटली वाया!

एका ग्लासाला ६० मिली अननसाचा रस, ४५ मिली मद्य, २० मिली लिंबाचा रस आणि १५ मिली साखरेचा पाक. पाक म्हणजे साखर आणि पाणी समसमान, साखर विरघळेपर्यंत गरम करून पूर्ण गार केलेलं. फळ फार गोड निघालं तर पाक कमी कर. आंबाही छान लागतो, पण गर दाट असतो, थोडं पाणी घाल.

मिरचीच्या चकत्या शेकरच्या (पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्याच्या) तळाशी हलक्या हाताने दाब, लगदा करू नकोस. मग दोन्ही रस, मद्य, पाक आणि भरपूर बर्फ घालून पंधरा सेकंद जोरात हलव. अननसाचा मस्त फेस येतो. बारीक गाळणीतून गाळ, नाहीतर मिरचीचा तुकडा नेमका पाहुण्याच्या घशात.

आणि चिमूटभर मीठ विसरू नकोस. मद्य नको असेल तर त्याऐवजी शेवटी गार सोडा ओत, शेकरमध्ये नाही, थेट ग्लासात.